लवचीक थर्मोइलेक्ट्रिक फिल्म सुधारायची आहे? आधी उष्णता कुठून जाते ते बघा

मनगटावरची त्वचा साधारण ३२-३३ अंश सेल्सिअस, खोलीतली हवा २३. दहा अंशांचा फरक हाताशी आहे, फुकट आणि चोवीस तास. तो वापरून अंगावरचं उपकरण बॅटरीशिवाय चालवायचं ही कल्पना काही नवी नाही. दोन वेगळ्या वाहकांच्या सांध्यांमध्ये तापमानाचा फरक ठेवला की विजेचा परिणाम दिसतो, हे थॉमस सीबेकने १८२१ मध्ये पाहिलं. सेइकोने १९९८ मध्ये ‘थर्मिक’ नावाचं मनगटी घड्याळ अंगाच्या उष्णतेवर चालवलं. पण ते घड्याळ होतं, कडक डब्यातलं. आपल्याला हवी आहे वाकणारी, मनगटाभोवती बसणारी पातळ फिल्म. आणि गंमत अशी की फिल्म पातळ केली की तिच्यातला तापमानाचा फरकच नाहीसा होतो.

ज्यांच्याकडे फिल्म बनवण्याची सोय आहे (स्पटरिंग, प्रिंटिंग, गाळून बनवलेले थर, काहीही) आणि आकडे पुढे सरकत नाहीत, त्यांच्यासाठी हा लेख. पायऱ्या मी ज्या क्रमाने करतो त्याच क्रमाने लिहिल्या आहेत. बहुतेक जण पहिली पायरी शेवटी करतात.

पायरी १: भट्टी पेटवण्याआधी कागद-पेन्सिल

त्वचेकडून हवेकडे जाणाऱ्या उष्णतेच्या वाटेत सगळ्यात मोठा अडथळा हवेचाच असतो. शांत बसलेल्या माणसाभोवती हवा दर चौरस मीटरला, दर केल्विनला साधारण १० वॅट उष्णता नेते. म्हणजे अडथळा ०.१ चौरस मीटर-केल्विन प्रति वॅट. आता १ मायक्रोमीटर जाडीची बिस्मथ टेल्युराइडची (नेहमीचा थर्मोइलेक्ट्रिक पदार्थ, म्हणजे तापमानाच्या फरकातून वीज देणारा) फिल्म घ्या. तिची उष्णतावाहकता साधारण १ वॅट प्रति मीटर-केल्विन. ती त्वचेवर आडवी ठेवली आणि उष्णता तिच्या जाडीतून आरपार गेली, तर तिचा अडथळा ०.०००००१. हवेच्या एक लाखांश! दहा अंशांपैकी फिल्मच्या वाट्याला येतो अंशाचा दहा हजारावा भाग. इथे झेडटी (पदार्थ उष्णतेपासून किती चांगली वीज बनवतो याचा आकडा, सूत्र पायरी २ मध्ये) १ असो की ३, काही फरक पडत नाही.

म्हणून पातळ फिल्ममध्ये उष्णता जाडीतून नव्हे, लांबीतून वाहायला हवी. एक टोक त्वचेकडे, दुसरं हवेकडे. त्यासाठी फिल्म उभी करावी लागते: पट्टी पंख्यासारखी घडी घालून, गुंडाळून किंवा कापून उचलून धरायची आणि मधल्या जागेत फोमसारखं हलकं, उष्णता अडवणारं काहीतरी भरायचं. लेगची (म्हणजे अशा एका उभ्या पट्टीची) उंची ५ मिलिमीटर असेल आणि फिल्म व फोम मिळून सरासरी उष्णतावाहकता ०.०६ च्या आसपास राहिली, तर जनरेटरचा अडथळा ०.०८ होतो. आता तो हवेच्या तोलामोलाचा झाला. त्वचेशी होणारा अर्धवट स्पर्श आणि कडांमधून होणारी गळती धरली तरी लेगच्या दोन टोकांत २ अंश मिळायला हरकत नाही. पुढचे सगळे हिशोब मी या २ अंशांवरच करतो.

दुसरा हिशोब सबस्ट्रेटचा, म्हणजे फिल्म ज्यावर बसते त्या खालच्या आधाराचा, आणि इथे भल्याभल्यांची दांडी उडते. फिल्म १ मायक्रोमीटर, तिच्याखाली पॉलिइमाइड (उष्णता सोसणारं प्लास्टिक) २५ मायक्रोमीटर. पॉलिइमाइडची उष्णतावाहकता ०.१२ च्या आसपास, म्हणजे फिल्मच्या आठव्या हिश्श्याइतकी, पण जाडी पंचवीसपट. जाडी गुणिले वाहकता केली तर फिल्मचा आकडा १ आणि पॉलिइमाइडचा ३. चारातला तीन भाग उष्णता वीज न बनवता खालच्या कागदातून निघून जाते. तुमच्या फिल्मचा झेडटी ०.५ असेल तर उपकरणाच्या दृष्टीने तो ०.१३ च्याही खाली आला.

उपाय दोनच: सबस्ट्रेट पातळ करा किंवा फिल्म जाड करा. पॉलिइमाइड १२.५ मायक्रोमीटरमध्ये सहज मिळतं, ७.५ मध्येही मिळतं, पण ते हाताळताना घरात उडणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीमागे धावल्यासारखं वाटतं. काचेवर ताणून चिकटवल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नका. फिल्म १० मायक्रोमीटर केली तर तोच हिशोब १० विरुद्ध ३ होतो. माझं मत विचाराल तर झेडटी २० टक्क्यांनी वाढवायला वर्ष घालवण्याआधी जाडी दहापट करता येते का ते बघा.

पायरी २: कोणता पदार्थ

झेडटी म्हणजे सीबेक गुणांकाचा (दर अंश फरकाला मिळणारा व्होल्टेज) वर्ग गुणिले विद्युतवाहकता, त्याला तापमानाने गुणून उष्णतावाहकतेने भागायचं. यातल्या सीबेकच्या वर्गाच्या आणि विद्युतवाहकतेच्या गुणाकाराला पॉवर फॅक्टर म्हणतात. खोलीच्या तापमानाला बिस्मथ टेल्युराइडच्या कुटुंबाला अजून तोड नाही: पी-प्रकारासाठी (यात वीज धन वाहक नेतात) अँटिमनी मिसळलेलं, एन-प्रकारासाठी (यात ऋण इलेक्ट्रॉन नेतात) थोडं सेलेनियम मिसळलेलं. ठोकळ्याच्या रूपात झेडटी १ च्या आसपास. फिल्ममध्ये १५० मायक्रोव्होल्ट प्रति केल्विन आणि ८०० सीमेन्स प्रति सेंटिमीटर मिळाले तर पॉवर फॅक्टर १८ मायक्रोवॅट प्रति सेंटिमीटर-केल्विन वर्ग येतो. सुरुवातीला हे लक्ष्य पुरेसं आहे.

एन-प्रकारासाठी सिल्व्हर सेलेनाइड मला जास्त आवडतं. शांघायच्या टोंगजी विद्यापीठातल्या गटाने २०१९ मध्ये त्याचे नॅनोवायर नायलॉनच्या गाळणीवर गाळून, २०० अंशांवर दाबून फिल्म केली. पॉवर फॅक्टर जवळजवळ १० मायक्रोवॅट प्रति सेंटिमीटर-केल्विन वर्ग आणि हजार वेळा वाकवूनही फारसा घसरला नाही. कारण नायलॉनच्या छिद्रांत फिल्मची मुळं रुतलेली असतात. व्हॅक्यूमची महागडी यंत्रं नसतील तर हीच वाट धरा. एक लक्षात ठेवा: सिल्व्हर सेलेनाइडची स्फटिकरचना १३० अंशांच्या थोडं वर बदलते, तेव्हा मोजमाप करताना त्या उंबरठ्याच्या खालीच राहा.

पेडॉट-पीएसएस हा पॉलिमर वाकतो छान, उष्णताही कमी वाहतो, पण सीबेक गुणांक १५-२० मायक्रोव्होल्टवर अडकतो. कार्बन नॅनोट्यूबचं उलट: बळकट, वाकणाऱ्या, पण उष्णता फार वाहून नेतात आणि एन-प्रकारात हवेत टिकवणं जिकिरीचं.

पायरी ३: सबस्ट्रेटची तयारी

पॉलिइमाइड पाणी पितं. थर देण्याआधी ते व्हॅक्यूममध्ये १५० अंशांवर दोन-तीन तास वाळवा, नाहीतर तेच पाणी पुढे अॅनीलिंगच्या (फिल्म तापवून स्फटिक सुधारण्याच्या) वेळी बाहेर पडून फिल्मला फोड आणतं. मग काही मिनिटं ऑक्सिजन प्लाझ्मा. चिकटण्यासाठी टायटॅनियमचा किंवा क्रोमियमचा पातळ थर देण्याचा मोह होतो, पण धातूचा थर फिल्मला समांतर शॉर्ट करतो आणि सीबेक पाडतो. त्याऐवजी प्लाझ्मावर भागवा, फार तर अॅल्युमिनाचा पातळ थर द्या. चाचणी सोपी: सेलोटेप लावून एका झटक्यात ओढा. टेपवर करडा डाग आला तर पुढे जाऊ नका.

पायरी ४: थर आणि अॅनीलिंग

खरी कसोटी इथे आहे. बिस्मथ टेल्युराइडचे स्फटिक पत्त्यांच्या कॅटसारखे थरांचे असतात. थरांच्या पातळीत वीज सहज वाहते, थरांना छेदून कष्टाने. आपल्याला वीज फिल्मच्या लांबीत हवी, म्हणजे पत्ते फिल्मवर आडवे पसरलेले हवेत. एक्स-रे डिफ्रॅक्शनमध्ये (क्ष-किरणांनी स्फटिकांची दिशा ओळखण्याच्या चाचणीत) ००६ आणि ००-१५ ही शिखरं उंच आणि ०१५ चं शिखर ठेंगणं दिसलं की समजा पत्ते नीट बसले. तापवलेल्या सबस्ट्रेटवर (२०० ते २५० अंश) हळू वेगाने थर दिला तर हे आपोआप साधतं. प्रिंट केलेल्या फिल्मला मात्र गरम असतानाच दाब द्यावा लागतो. त्याने पोकळ्याही बुजतात.

दुसरा चोर म्हणजे टेल्युरियम. तापवलं की ते उडतं. २५० अंशांच्या पुढे उघड्या आर्गॉनमध्ये तासभर ठेवलेली फिल्म आणि ठेवण्याआधीची फिल्म या दोन वेगळ्या वस्तू असतात. एक-दोन टक्क्यांची तूट सीबेकचं चिन्हसुद्धा पालटू शकते. म्हणून टार्गेटमध्येच (ज्या ठोकळ्यातून पदार्थ उडवून थर देतो त्यात) टेल्युरियम किंचित जास्त ठेवा, किंवा फिल्म आणि टेल्युरियमची चिमूटभर पूड एकाच झाकलेल्या ग्रॅफाइटच्या डबीत ठेवून तापवा. थंड करताना घाई नको. पॉलिइमाइड आणि फिल्म वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात आणि घाईने काढलेली फिल्म भट्टीतून पापडासारखी वळून बाहेर येते. काम हूडखालीच (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात) करा. टेल्युरियम अंगात गेलं तर तोंडाला लसणासारखा वास येतो आणि तो कित्येक दिवस जात नाही.

अॅनीलिंगनंतर आकडे आले की रोगनिदान असं:

सीबेक कमी (७०-८०) आणि विद्युतवाहकता भरपूर, तर वाहक (वीज वाहून नेणारे कण) जास्त झालेत. रचना दुरुस्त करा, टेल्युरियमचं प्रमाण तपासा. सीबेक चांगला (१८०) पण विद्युतवाहकता शंभर-दोनशेवर रखडलेली, तर वाहकांना वाट नाही: कणांच्या सीमांवर ऑक्साइड, पोकळ्या किंवा वेडेवाकडे बसलेले पत्ते. अॅनीलिंगच्या वायूत थोडा हायड्रोजन मिसळून बघा किंवा दाब वाढवा. दोन्ही कमी असतील तर बहुधा एन आणि पी दोन्ही वाहक एकमेकांना खात आहेत किंवा दुसरीच कुठली फेज (वेगळ्या रचनेचा पदार्थ) आत शिरली आहे. त्या फिल्मवर मलमपट्टी करत बसू नका, नवीन करा. हॉल मापनाची (चुंबकीय क्षेत्र लावून वाहक मोजण्याची) सोय असेल तर संशय लगेच फिटतो. वाहकांची संख्या दर घन सेंटिमीटरला १०चा १९वा ते २०वा घात या पट्ट्यात हवी.

पेडॉटचं तंत्र वेगळं. त्यात पाच टक्के डायमिथाइल सल्फॉक्साइड मिसळा, फिल्म सुकली की इथिलीन ग्लायकॉलमध्ये बुडवा. वीज न वाहणारं जादाचं पीएसएस धुऊन जातं आणि विद्युतवाहकता शेकडोपट वाढते. मग सौम्य क्षपणक (इलेक्ट्रॉन देणारं रसायन) वापरून वाहक थोडे कमी करा म्हणजे सीबेक वर येतो. हायड्रॅझिन परिणामकारक आहे पण विषारी, माझ्या टेबलावर त्याला जागा नाही. अॅस्कॉर्बिक आम्लाने हळू का होईना काम होतं.

पायरी ५: मोजमाप, म्हणजे स्वतःला फसवायचं नाही

माझ्या वहीत एका पेडॉट फिल्मचं पान आहे. सीबेक गुणांक आला नेहमीच्या दहापट. मी दिवसभर हवेत होतो. रात्रभर व्हॅक्यूममध्ये ठेवून सकाळी मोजला तर १७. आदल्या दिवशी जे मोजलं ते फिल्ममधल्या दमटपणातले आयन होते, इलेक्ट्रॉनांचा त्यात फारसा वाटा नव्हता. आयनांचा व्होल्टेज दिसतो मोठा, पण लोड (वीज खाणारं काहीही) जोडला की थोड्या वेळात ओसरतो. तेव्हापासून पॉलिमरची प्रत्येक फिल्म मी कोरड्या आणि दमट अशा दोन्ही हवेत मोजतो आणि व्होल्टेज तासभर स्थिर राहतो का ते बघतो.

सीबेक एकाच तापमान-फरकावर मोजू नका. शून्याच्या दोन्ही बाजूंना पाच-सात बिंदू घ्या आणि रेषेचा उतार काढा. रेषा शून्यातून गेली नाही तरी चालेल, उतार खरा. तांब्याच्या तारेचा स्वतःचा सीबेक १.८ मायक्रोव्होल्ट असतो. बिस्मथ टेल्युराइडमध्ये तो खपून जातो, पण पेडॉटमध्ये दहा टक्क्यांची चूक घालतो, म्हणून हिशोबात धरा. रोध चार टोकांनीच मोजा (दोन टोकांतून वीज, दुसऱ्या दोनांवर व्होल्टेज).

आणि जाडी! खडबडीत, पोकळ्या असलेल्या फिल्मची जाडी एकाच जागी मोजून विद्युतवाहकता काढली की आकडा हवा तसा येतो. फिल्म कापून काटछेद इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघा, किमान तीन ठिकाणी.

उष्णतावाहकतेबद्दल एकच सांगतो. विद्युतवाहकता लांबीच्या दिशेने मोजली आणि उष्णतावाहकता जाडीच्या दिशेने, तर त्या दोन आकड्यांतून काढलेला झेडटी कोणत्याच फिल्मचा नसतो. थरांच्या पदार्थात तर तो हमखास फुगतो. एकाच दिशेने दोन्ही मोजता येत नसतील तर फक्त पॉवर फॅक्टर लिहा.

पायरी ६: वाकवणं

वाकवलेल्या पट्टीच्या वरच्या पृष्ठभागावरचा ताण (तो किती टक्के ताणला जातो) म्हणजे एकूण जाडी भागिले वक्रतेच्या त्रिज्येची दुप्पट. सबस्ट्रेट २५ मायक्रोमीटर, त्रिज्या ५ मिलिमीटर: ०.२५ टक्के. तोच सबस्ट्रेट १२५ मायक्रोमीटरचा घेतला तर १.२५ टक्के, आणि एवढ्यात ठिसूळ टेल्युराइडला तडे जातात. म्हणजे लवचीकपणा पदार्थात शोधण्याआधी जाडीत शोधा.

यावर हमखास सुचवला जाणारा उपाय असा: वरूनही तेवढाच थर द्या म्हणजे फिल्म मधोमध येईल आणि तिच्यावर ताणच येणार नाही. वाकण्याच्या दृष्टीने बरोबर. पण पायरी १ आठवा. खालचे २५ आधीच तीन हिस्से उष्णता चोरत होते, वरच्या २५ ने आणखी तीन चोरले आणि फिल्मकडे सातातला एक उरला. म्हणून मी १२.५ खाली आणि १२.५ वर वापरतो. उष्णतेची चोरी २५ च्या एका कागदाइतकीच, आणि फिल्म मधल्या निर्ताण रेषेवर. वरचा थर घामालाही अडवतो.

चाचणी करताना रोध वाकलेल्या अवस्थेतही मोजा, फक्त सरळ केल्यावर नको. तडे सरळ केल्यावर मिटतात आणि आकडा साळसूद दिसतो. वाकण्याचा अक्ष विजेच्या दिशेला समांतर आणि आडवा, दोन्ही प्रकारे करा. हजार फेऱ्या कमीत कमी.

पायरी ७: जोडणी आणि हिशोबाचा शेवट

लेग ५ मिलिमीटर लांब, २ रुंद, १ मायक्रोमीटर जाड, विद्युतवाहकता ८०० सीमेन्स प्रति सेंटिमीटर. एका लेगचा रोध सुमारे ३१ ओहम. शंभर जोड्या (एक पी लेग आणि एक एन लेग मिळून एक जोडी) म्हणजे दोनशे लेग, ६२५० ओहम. एका जोडीचा सीबेक ३०० मायक्रोव्होल्ट, फरक २ अंश, तर शंभर जोड्यांचे ६० मिलिव्होल्ट. जुळलेल्या लोडला मिळणारी शक्ती: व्होल्टेजचा वर्ग भागिले रोधाची चौपट, म्हणजे ०.१४ मायक्रोवॅट. फिल्म १० मायक्रोमीटर केली तर तीच मांडणी १.४ मायक्रोवॅट देते. बाकी काही न बदलता.

पण लेगचा रोध ३ ओहमवर आला की आतापर्यंत लपलेला सांध्यांचा रोध डोकं वर काढतो. ऑक्साइड चढलेल्या फिल्मवर नुसती सिल्व्हर पेस्ट लावली तर सांध्यात लेगइतकाच रोध सहज बसतो. आर्गॉन प्लाझ्माने पृष्ठभाग साफ करा, लगेच निकेल द्या, मग वर तांबं किंवा चांदी. निकेल मध्ये नसेल तर तांबं आणि चांदी दोन्ही टेल्युराइडमध्ये झिरपतात आणि काही आठवड्यांत सीबेक बिघडवतात. सांध्याचा रोध शोधायला एकाच पट्टीवर १, २, ४, ८ मिलिमीटर अंतरावर संपर्क घ्या, रोध विरुद्ध लांबीचा आलेख काढा. रेषा शून्य लांबीवर जिथे अक्षाला छेदते तो दोन सांध्यांचा मिळून रोध.

आता इलेक्ट्रॉनिक्स. एलटीसी३१०८ ही व्होल्टेज वाढवणारी चिप २० मिलिव्होल्टवर सुरू होते हे वाचून ६० मिलिव्होल्टवाले खूश होतात आणि चिप जोडली की व्होल्टेज जमिनीवर येतो. कारण १:१०० च्या ट्रान्सफॉर्मरसह त्या चिपच्या तोंडाचा रोध अवघा काही ओहम असतो, आणि समोर उभा आहे (१० मायक्रोमीटरची फिल्म घेऊनही) सहाशे ओहमचा जनरेटर. लेग रुंद करून, जोड्यांचे गट समांतर लावून रोध खाली आणावा लागतो, किंवा उलट जोड्या पुष्कळ वाढवून काहीशे मिलिव्होल्टवर चालणारा दुसरा कन्व्हर्टर निवडावा लागतो. हे फिल्मचा मास्क (लेगचा आकार ठरवणारा साचा) आखण्याआधी ठरवायचं. हवा त्वचेपेक्षा गरम झाली की ध्रुव उलटतात. तसं वातावरण अपेक्षित असेल तर दोन्ही दिशांनी चालणारी एलटीसी३१०९ बघा.

ब्लूटूथ लो एनर्जीचं एक प्रक्षेपण काही मिलिसेकंदांपुरतं दहा मिलिवॅटच्या आसपास मागतं. तेवढं फिल्म थेट देणार नाही. कपॅसिटरमध्ये साठवत राहायचं आणि काही मिनिटांनी एकदा बोलायचं.

शेवटची चाचणी मनगटावरच घ्या, हॉट प्लेटवर नको. हॉट प्लेट ३३ अंश धरून ठेवते, कितीही उष्णता ओढली तरी. त्वचा तसं करत नाही, उपकरणाखाली ती गार पडते. पट्टा बांधून अर्धा तास शांत बसा, मग खोलीत चालायला लागा. हात हलला की हवेचा अडथळा कमी होतो आणि शक्ती वाढताना दिसते. वहीत दोन्ही आकडे लिहा, लोड जोडलेल्या अवस्थेतले, शेजारी खोलीचं तापमान आणि बाही खाली होती की वर तेही.